कोरड्या महिन्यांचा आग्रह मी सोडला

आफ्रिकेत सफारीला कधी जावं, असं कुणी विचारलं की माझं उत्तर वर्षानुवर्षं तयार असायचं. ऑगस्ट, फार तर सप्टेंबर. केनियातलं मसाई मारा गाठायचं, मारा नदीच्या काठावर थांबायचं आणि विल्डबीस्टचे कळप पाण्यात उड्या घेताना बघायचे. बाकीचे महिने मी खोडून टाकत असे. एप्रिल-मे म्हणजे पैसे चिखलात घालणं, असं मी कितीतरी जणांना ठामपणे सांगितलं आहे, आणि त्यांनी माझं ऐकून मुलांची शाळा बुडवून ऑगस्ट साधला आहे. आता मी फेब्रुवारी सांगते, आणि माराऐवजी टांझानियातल्या सेरेंगेटीचा दक्षिण भाग सांगते. विचारणाऱ्याला वाटतं, हिला नव्या जागेचं कौतुक आहे. तसं नाही. हंगामाकडे बघण्याची माझी रीतच बदलली. ती का बदलली हे नीट मांडावं, निदान माझ्या सांगण्यावरून गेलेल्यांसाठी तरी, असं मला मनापासून वाटतं.

मी नागपूरची. जंगल बघायला शिकले ती ताडोबात आणि पेंचमध्ये. तिथे हंगामावर वाद होत नाही. एप्रिल-मे. साग पानं टाकून मोकळा झालेला, बांबू वाळलेला, नाले आटलेले, पाणी उरतं ते मोजक्या पाणवठ्यांवर आणि तळ्यांत. वाघाला दुपारी पाण्यात येऊन बसावंच लागतं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तोंडाला ओला दुपट्टा बांधून आम्ही जिप्सीत बसतो ते याच भरवशावर. पाऊस लागला की रान दाट होतं आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंदच असतं. कोरडं असेल तर दिसणार, ओलं असेल तर लपणार, हा धडा लहानपणापासून अंगात मुरलेला. आफ्रिकेच्या सफारीची जी जी माहितीपत्रकं हाती आली त्यांतही हेच लिहिलेलं असायचं, की कोरड्या महिन्यांत गवत विरळ, प्राणी पाण्यापाशी गोळा. त्यामुळे या धड्याबद्दल मला कधी शंका आली नाही.

आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत तो धडा आजही खरा आहे, हे आधीच सांगते. झिंबाब्वेतल्या ह्वांगेमध्ये बारमाही नदी नाही, बोअरवेलचं पाणी पंपाने काढून पाणवठे भरावे लागतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी तिथे हत्तींची रीघ लागते. बोत्स्वानातलं चोबे, नामिबियातलं एटोशा, झांबियातलं दक्षिण लुआंग्वा, दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर, इथे जाणाऱ्यांना मी कोरडेच महिने सांगते. क्रूगरला तिथल्या हिवाळ्यात जाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे मलेरियाचा धोका तेव्हा कमी असतो. ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशाची तर तऱ्हाच वेगळी. अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस महिनोन् महिने वाहत तिथे पोचतो तो नेमका पावसाळा उलटून गेल्यावर, जून ते ऑगस्टच्या सुमारास. आकाश कोरडं आणि जमीन पाण्याखाली. माझं मत बदललं आहे ते पूर्व आफ्रिकेच्या गवताळ मैदानांबद्दल, आणि आपल्याकडचे बहुतेक लोक जातात ते तिथेच.

ऑगस्टमधल्या मारा नदीला मी नावं ठेवणार नाही. कळप काठाशी येतो, थबकतो, मागे फिरतो, पुन्हा येतो. मागच्यांचा रेटा वाढत जातो. तासन् तास असेच जातात, मग एखादा पुढे उडी घेतो आणि त्याच्यामागे सगळा काठच ढासळावा तसे हजारो खाली येतात. धुळीने समोरचं दिसेनासं होतं. त्यांचा तो घोगरा हंबरडा कानांत कितीतरी दिवस राहतो. पाण्यात मगरी असतात, पण जास्त मरतात ती चेंगराचेंगरीत आणि बुडून. शास्त्रज्ञांनी याचा हिशेब केला आहे. वर्षाला सरासरी सहा हजारांहून अधिक विल्डबीस्ट या नदीत बुडतात आणि त्यांच्या हाडांतून नदीला पुढे कित्येक वर्षं फॉस्फरस मिळत राहतो. ज्याने हे पाहिलं त्याने मोठी गोष्ट पाहिली, असं मी आजही म्हणेन.

माझा आग्रह पहिल्यांदा डळमळला तो केनियातच, पण नदीपासून दूर, अंबोसेलीत. २०२२चा ऑक्टोबर होता. लागोपाठ चार पावसाळे कोरडे गेले होते. अंबोसेलीला किलिमांजारोचं पाणी जमिनीखालून येऊन दलदली तयार होतात, त्यामुळे आसपासचा सगळा जीव त्या हिरव्या पट्ट्यांत येऊन उभा होता. झाडोरा नाही, आडोसा नाही. जिकडे दुर्बीण फिरवावी तिकडे हत्ती, झेब्रे, विल्डबीस्ट, आणि सगळं रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. ताडोबाच्या मापाने इतका उत्तम हंगाम मी कधी पाहिला नव्हता. आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना झेब्र्यांचे सांगाडे पडलेले होते. काही तर सांगाडेही नव्हते. बरगड्यांवर कातडी ताणलेली, डोळे उघडे, गिधाडांनी अजून हातही न लावलेले. इतकं खायला पडलेलं होतं की गिधाडांनाही घाई नव्हती. फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात केनियात २०५ हत्ती, ५१२ विल्डबीस्ट आणि ३८१ झेब्रे दुष्काळाने मेल्याची सरकारी नोंद पुढच्या महिन्यात जाहीर झाली. नोंद होते ती सापडलेल्यांची.

आमचा गाइड तिथलाच मसाई होता. त्याच्या घरच्या गाईंपैकी बहुतेक त्या वर्षी गेल्या होत्या. मी त्याला सवयीने म्हटलं, "किती स्वच्छ दिसतंय सगळं." तो म्हणाला, "ताई, पाऊस येऊ दे. मग तुम्हाला काही दिसलं नाही तरी चालेल मला." तो खरं तर 'मामा' म्हणाला होता, तिकडे मोठ्या बाईला तसंच म्हणतात. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी मात्र त्या दिवसापासून 'उत्तम हंगाम' हे शब्द उच्चारण्याआधी थांबायला लागले. मी ज्याला उत्तम म्हणत होते तो त्या प्राण्यांच्या वर्षातला सगळ्यात हलाखीचा काळ होता. दुष्काळ हा टोकाचा प्रसंग हे खरं, पण सुकाळातही कोरडे महिने म्हणजे त्यांच्यासाठी ताणच. मी इतकी वर्षं त्या ताणाच्या काठावर खुर्ची टाकून बसत होते.

परत आल्यावर सेरेंगेटीच्या गवताबद्दल आणि पावसाबद्दल जे मिळेल ते वाचायला घेतलं. प्राण्यांबद्दल भरपूर वाचलं होतं, गवताबद्दल जवळजवळ काही नाही. आणि तिथे मला जे सापडलं त्याने माझा ताडोबाचा नियम मुळापासून हलला.

सेरेंगेटीच्या आग्नेय भागातली मैदानं ज्वालामुखीच्या राखेची आहेत. गोरोंगोरोच्या बाजूचे जुने डोंगर आणि अजूनही धुमसणारा ओल दोइन्यो लेंगाई यांनी ही राख टाकली. पावसाच्या पाण्याने तिच्यातले क्षार खाली नेले आणि जमिनीखाली कॅल्शियमचा कठीण थर धरला. तो थर झाडांची मुळं फोडू शकत नाहीत. म्हणून तिथे झाड नाही, आणि गवतही घोट्याच्या वर जात नाही. पण तेच गवत कॅल्शियम आणि फॉस्फरसने भरलेलं असतं, आणि दूध देणाऱ्या मादीला नेमकं तेच लागतं. वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस. वायव्येकडे जावं तसा पाऊस वाढतो, हजार-अकराशेपर्यंत जातो, तसं गवतही उंच आणि निकस होत जातं. या दक्षिणेच्या मैदानांत गोडं पाणी बारमाही टिकत नाही, नदुतूचं तळंही खारं. म्हणून पाऊस थांबला की कळपांना तिथून निघावंच लागतं.

म्हणजे विल्डबीस्ट दक्षिणेला येतात ते आवडीने आणि उत्तरेला, मारा नदीकडे जातात ते गरजेने. जंगलात पाऊस प्राण्यांना पांगवतो, कारण पाणी सगळीकडे होतं. इथे पाऊस त्यांना एकत्र आणतो, कारण गवत या एकाच जागी असं असतं. आणि दिसण्याचं म्हणाल तर जिथे झाडच नाही आणि गवत घोट्याएवढं, तिथे लपायला जागा कुठली? दाट सागवनाचा नियम मी बोडक्या मैदानाला लावत होते. जॉर्ज शाल्लर १९६०च्या दशकात आधी कान्ह्यात वाघ आणि हरणांवर काम करून मग सेरेंगेटीत सिंहांचा अभ्यास करायला गेले. आपल्या सागाच्या रानातून सेरेंगेटीत जाणारा माणूस डोळ्यांना नवी सवय लावून घेत असणार, हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला.

आणखी एक गोष्ट कळली. ऑगस्टमध्ये सगळे कळप उत्तरेलाच का जातात? मारा नदीला पाणी असतं हे एक. पण व्हिक्टोरिया सरोवर जवळ असल्यामुळे त्या भागात कोरड्या महिन्यांतही दुपारनंतर गडगडाटी सरी पडतात आणि थोडंफार गवत उगवत राहतं. म्हणजे ज्याला आपण कोरड्या हंगामाचा सोहळा समजतो तो नदी ओलांडण्याचा खटाटोपही पावसाच्याच मागे चाललेला असतो. हे प्राणी वर्षभर पावसाच्या मागे असतात. त्यांना पाहायला जाताना पाऊस टाळायचा, हे मला विसंगत वाटायला लागलं.

तिकडचा पाऊस आपल्याला परका नाही. विषुववृत्तावरचा पावसाचा पट्टा सूर्याच्या मागे उत्तर-दक्षिण सरकतो. पूर्व आफ्रिकेवरून तो वर्षातून दोनदा जातो. नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या छोट्या पावसाला स्वाहिलीत 'वुली' म्हणतात आणि मार्च ते मेच्या मोठ्या पावसाला 'मासिका'. मेनंतर तो पट्टा वर सरकतो आणि जूनमध्ये आपल्याकडे मृग लागतो. दक्षिण गोलार्धातून आलेले वारे केनियाच्या किनाऱ्याजवळून विषुववृत्त ओलांडतात, अरबी समुद्रावर वळण घेतात आणि सह्याद्रीला येऊन धडकतात. हवामानशास्त्रात त्या प्रवाहाला फिंडलेटर यांचं नाव आहे. कोकणात जुलैमध्ये दरडी कोसळत असतात तेव्हा मारातली पहाट स्वेटर घालण्याइतकी थंड आणि बहुधा कोरडी असते, ती या एकाच घडामोडीची दोन टोकं म्हणून.

मग मी फेब्रुवारीत गेले. अरुशाहून कराटू, गोरोंगोरोच्या कड्यावरून खाली, आणि नदुतू. कड्यावर धुकं इतकं होतं की खालचं काही दिसेना. ओल्डुवाईच्या घळीच्या पुढे गाडी मैदानात उतरली आणि धुकं मागे राहिलं. क्षितिजापर्यंत हिरवं आणि त्या हिरव्यावर काळे ठिपके, जिथवर नजर जाईल तिथवर. सेरेंगेटीत आज सुमारे तेरा लाख विल्डबीस्ट मोजतात. १९६१च्या मोजणीत ते जेमतेम अडीच लाखांच्या वर होते. गुरांचा बुळकांड्या रोग आटोक्यात आला आणि कळप पाचपट झाले. तो रोग जगातून संपल्याचं २०११ साली जाहीर झालं. आकडे मला पाठ होते. त्यांचा अर्थ त्या सकाळी कळला.

विल्डबीस्टच्या माद्यांचा विण्याचा काळ जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, आणि त्यातली जवळजवळ ऐंशी टक्के वासरं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. सगळ्या एकदमच का वितात, याचं उत्तर तिथल्या तरसांत आहे. इतकी वासरं एकाच वेळी आली की खाणारे खाऊन खाऊन किती खाणार! विखरून जन्मली असती तर फारच थोडी वाचली असती.

आम्ही गाडी बंद करून थांबलो होतो. सकाळचे दहा वाजायचे होते. विल्डबीस्ट बहुधा दुपारच्या आतच वितात. एक मादी कळपातून थोडी बाजूला झाली, बसली, उठली, दोन पावलं चालून पुन्हा बसली. शेपटीखाली दोन फिकट खुरं दिसत होती. खुरांवर मऊ पिवळसर आवरण होतं, आईला आतून इजा होऊ नये म्हणून असतं ते. तिने मान लांब करून जोर दिला आणि वासरू एकदम बाहेर घसरलं, वाफाळतं, बदामी रंगाचं. आईने चाटायला सुरुवात केली तोच ते मागच्या पायांवर उठायला लागलं. पडलं. पुन्हा उठलं, नाकावर आपटलं. पुढचे पाय फाकले. आम्ही सगळे श्वास धरून होतो. गाइड घड्याळाकडे बघत होता. सातव्या मिनिटाला ते चारही पायांवर उभं राहिलं आणि आचळं सोडून आईच्या पुढच्या पायांत तोंड घालायला लागलं. आईची वार अजून पडायची होती आणि ती चालायला लागली होती. वासरू लडबडत तिच्या मागे. गावाकडे गाय विताना मी पाहिलेली आहे, पण इतकी घाई, जन्मापासून काही मिनिटांत चालत्या कळपात सामील होण्याची ती गरज, मी कधी पाहिली नव्हती.

त्याच दिवशी दुपारी एक हरवलेलं वासरू आमच्या गाडीकडे आलं. आईपासून सुटलेलं वासरू जे हलेल त्याच्या मागे जातं, गाडीच्याही आणि तरसाच्याही. ते येऊन बोनेटपाशी उभं राहिलं आणि हंबरू लागलं. गाइडने गाडी सुरू केली नाही, कारण ते मागे धावलं असतं आणि कळपापासून आणखी लांब गेलं असतं. आम्ही तसेच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने झेब्र्यांची एक रांग जवळून गेली आणि ते तिच्यामागे गेलं. पुढे त्याचं काय झालं असेल ते न सांगताही कळतं. त्या घटकेला मनात काय काय येऊन गेलं ते शब्दांत नीट उतरत नाही, पण नदीकाठच्या गर्दीत मला असं एका प्राण्यापाशी थांबता आलं नव्हतं, एवढं नक्की.

पक्ष्यांसाठी तर हे महिने सोडून जाऊच नये. युरोपातले पांढरे करकोचे या काळात इथे असतात, आफ्रिकेतलेच अब्दिम करकोचेही येतात, आणि ओल्या गवतातले टोळ वेचत फिरतात. आपल्या माळरानांवर हिवाळ्यात दिसणारा माँटेग्यूचा भोवत्या इथेही जमिनीलगत तरंगत असतो. नागालँडहून निघालेले अमूर ससाणे नोव्हेंबरात महाराष्ट्रावरून जातात, लोणावळ्याच्या पठारावर पाहिलेत मी ते, आणि समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत येतात ते पावसाने वारुळांतून उठणाऱ्या वाळव्यांच्या सुमाराला. बाभळीवर एक चातकही दिसला. आपल्याकडे मृगाच्या आगेमागे येणारे चातक हिवाळा आफ्रिकेत काढतात. माझ्या गाडीतल्या कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. मला फार वाटलं.

गाड्यांच्या गर्दीबद्दल बोलायलाच हवं. मारा नदीच्या काठावर ऑगस्टमध्ये कळपापेक्षा गाड्यांची भिंत आधी दिसते, आणि कळप उतरायची जागा गाड्यांनी अडवल्यामुळे मागे फिरलेला मी पाहिला आहे. २०२५च्या जुलैत सेरेंगेटीच्या उत्तरेला कोगातेंदेपाशी पर्यटक गाड्यांतून उतरून थेट काठावर उभे राहिल्याचं चित्रण जगभर फिरलं. मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जास्त पर्यटक असलेल्या भागात चित्त्याच्या मादीने एका विणीतली सरासरी ०.२ पिल्लं मोठी केली, कमी पर्यटक असलेल्या भागात २.३. हे आकडे वाचल्यापासून कुणाला एकाच महिन्यात, एकाच काठावर पाठवायचं माझ्या जिवावर येतं. नदुतूतही फेब्रुवारीत गर्दी असते, ते लपवत नाही. गोरोंगोरोच्या हद्दीतल्या भागात रस्ता सोडून गाडी नेता येते, त्यामुळे एका चित्त्याभोवती दहा-दहा गाड्या जमतात, आणि मुक्कामाचे दरही तेव्हा चढे असतात. पण मैदान अफाट आहे. पाठ फिरवून दुसऱ्या दिशेला निघालं की अर्ध्या तासात तुम्ही आणि कळप.

पावसाचा भरवसा नसतो, ही दुसरी अडचण. वुली नीट झाली नाही किंवा फेब्रुवारीत मधेच उघडीप पडली तर कळप दक्षिण सोडून झाडीच्या पट्ट्याकडे सरकतात. मग गाइडला कळप शोधत फिरावं लागतं. मला त्याचंही आता वाईट वाटत नाही.

आपल्याकडच्या कुटुंबांचा खरा पेच सुट्टीचा आहे. शाळांची लांब सुट्टी मेमध्ये, म्हणजे ऐन 'मासिका'च्या पावसात. पूर्वी मी सरळ 'नको' म्हणत असे. आता विचारते, तुम्हाला काय चालेल? माराची जमीन बऱ्याच भागात आपल्या विदर्भासारखी काळी आहे, केनियातही तिला कापसाचीच काळी जमीन म्हणतात. ज्याने जुलैत वऱ्हाडातल्या शेतरस्त्यावर बैलगाडी रुतलेली पाहिली आहे त्याला तिथला चिखल समजावून सांगावा लागत नाही. काही रस्ते बंद असतात, काही तंबू-निवास बंद असतात. २०२४च्या एप्रिल अखेरीस तालेक नदीचं पाणी मारातल्या निवासांत शिरलं आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. म्हणून नदीकाठ सोडून उंचावरची जागा निवडायची, आणि म्हाताऱ्या आई-वडिलांना किंवा अगदी लहान मुलांना या महिन्यात न्यायचं नाही. हे पाळलं तर मेमधलं मारा फार सुंदर असतं. गवत उंच, म्हणून सिंह शोधायला वेळ लागतो, पण आकाश धुतलेलं असतं, संध्याकाळी ढगांखालून येणारा उजेड धुळीच्या महिन्यांत कधी मिळत नाही, आणि सापडलेल्या सिंहांपाशी बहुधा तुमची एकच गाडी असते. २०२४पासून परदेशी पाहुण्याला माराचं प्रवेशशुल्क जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आहे, जानेवारी ते जून १००. चौघांच्या कुटुंबाला हा फरक मोठा पडतो. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांना मी पुन्हा दक्षिण सेरेंगेटीच सांगते. वुली वेळेवर झालेली असेल तर कळप तोवर तिथे उतरायला लागलेले असतात.

आणि तिथली माणसं. तंबू लावणारे, स्वयंपाक करणारे, गाडी चालवणारे यांच्यातल्या अनेकांना एप्रिल-मेमध्ये काम नसतं. चार महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचं. माराभोवतीच्या राखीव भागांत मसाई कुटुंबं आपली जमीन भाड्याने देतात, तिथे कुंपणं घालत नाहीत आणि वन्यप्राण्यांना मोकळी ठेवतात. त्या भाड्याचा पैसा पर्यटकांकडून येतो. सगळे पर्यटक एकाच हंगामात आले तर जमिनीवर भार एकदम पडतो आणि पैसा मात्र वर्षभर पुरत नाही. हे मला फार उशिरा उमगलं आणि आता मी ते प्रत्येकाला सांगते, ऐकणाऱ्याला नको असलं तरी.

माझा धाकटा भाऊ मात्र अजून ऑगस्टच म्हणतो. त्याचं म्हणणं, आयुष्यात एकदाच जाणाऱ्याने नदी नाही पाहिली तर काय पाहिलं? त्याच्याशी मी वाद घालते, पण त्याला अडवत नाही. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घे, एवढं सांगून झालं की एकच गोष्ट बजावते: पहिल्या सकाळी गाडीत बसताक्षणी चालकाला सांग की आम्हाला पहिल्या रांगेत जायचं नाही, आणि कळप खाली उतरेपर्यंत गाडी काठापासून मागे ठेव. आपण सांगितलं नाही तर तो पुढेच नेतो, कारण गेल्या हंगामातल्या पाहुण्यांनी त्याच्याकडे तेच मागितलेलं असतं.